विटेचं वय विचारण्याआधी

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा, घाईत वाचू नका.

गेल्या आठवड्यात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका विटेचा फोटो फिरला. नळाच्या पाइपासाठी पांढरीच्या कडेनं चर खोदताना निघालेली वीट. आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब, पसरट. माप कळावं म्हणून कुणीतरी शेजारी आपली चप्पल ठेवलेली. एकानं लिहिलं, दोन हजार वर्षांपूर्वीची. दुसऱ्यानं पाच हजार केली. तिसरा म्हणाला, काही नाही, निजामाच्या काळातल्या गढीची आहे. मग प्रत्येकानं आपापल्या देवळाशी, आपापल्या पूर्वजांशी ती वीट जोडली आणि दुपारपर्यंत भांडण पेटलं. शेवटी मला टॅग केलं, "गुरुजी, तुम्ही सांगा किती जुनी."

मी लिहिलं, "फोटोवरून सांगता येणार नाही."

त्यावर एकानं हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्या आणि विचारलं, "मग तीस वर्षं इतिहास कशाचा शिकवला?"

टोमणा लागला, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न वाजवी आहे. विटेचं वय कसं काढतात आणि मला ते का सांगता आलं नाही, हे नीट लिहावं म्हणून बसलो. यात माझ्या घरची एक कबुलीही आहे. ती पुढे येईल.

आधी मापाचं बोलू, कारण ग्रुपवर सगळे मापावरच बोलत होते. विटेच्या आकारावरून अंदाज बांधता येतो, हे खरं आहे. हडप्पा संस्कृतीच्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण १:२:४ असं ठरलेलं होतं. आपल्याकडे सातवाहन काळातल्या विटा मोठ्या, लांबीला चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. पुढे मध्ययुगात विटा लहान आणि पातळ होत गेल्या. म्हणजे आपल्या चरातली वीट सातवाहन काळातली असू शकते. पण 'असू शकते' आणि 'आहे' यांत फार अंतर आहे. मोठ्या विटा सातवाहनांनंतरही कित्येक शतकं पाडल्या जात होत्या. विदर्भात मनसरला वाकाटक काळातलं भलं मोठं विटांचं बांधकाम उघडं झालंय, ते सातवाहनांनंतरचं. नुसती फूटपट्टी लावून तीन-चारशे वर्षांचा फरक सुटत नाही.

आपल्या जिल्ह्यातलं तेर बघा. तेरणेच्या काठावरचं. तेच ते तगर, ज्याचा उल्लेख दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस'मध्ये करून ठेवलाय. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. १९०२-०३ च्या सुमारास हेन्री कझिन्स यांनी ते पाहिलं, तेव्हा त्याच्या घोड्याच्या नालेसारख्या कमानीवरून त्यांना ते मुळात बौद्ध चैत्य वाटलं. नंतरच्या अभ्यासकांत त्यावर वाद झाले. वीट तीच, भिंत तीच, लोक शंभर वर्षं वाद घालतायत. तेव्हा आपण ग्रुपवर एका दुपारी निकाल लावायला निघालो, यात नवल नाही.

आता कबुली.

आमचं जुनं घर तुम्ही पाहिलंय. माळवदाचं. त्याच्या मागच्या भिंतीत, न्हाणीच्या बाजूला, खालचे पाच-सहा थर मोठ्या विटांचे आहेत. लहानपणी त्यावर आम्ही दप्तर ठेवायचो. त्या विटा आज्ज्यानं पांढरीतून आणल्या. एकट्या आज्ज्यानंच असं केलं नाही. तेव्हा सगळं गाव पांढरीतून माती आणायचं. माळवदावर टाकायला पांढरी माती लागते, ती पाणी धरते, गळू देत नाही. शेतात टाकली तर खतासारखी काम करते. दर उन्हाळ्यात बैलगाड्या लागायच्या. माती नेताना वीट लागली की तीही गाडीत. कुणाच्या गोठ्यात गेली, कुणाच्या चुलीखाली. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. पांढर म्हणजे जुन्या गावाचं ढिगाऱ्यात जमलेलं आयुष्य असतं, घरावर घर, राखेवर राख, हे मला बी.ए.ला गेल्यावर कळलं. तोवर आमची बाजू निम्मी सपाट झाली होती. आज तिथं सोयाबीन आहे.

निवृत्त झाल्यावर मनात आलं, आपल्या भिंतीतल्या विटेचं वय काढून घ्यावं. ओळखीचे एक प्राध्यापक आहेत, या विषयातले. त्यांना फोन केला. म्हटलं, एक वीट काढून पाठवतो, प्रयोगशाळेत घाला आणि साल सांगा. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "वीट कुठं होती?"

म्हटलं, भिंतीत.

"त्याआधी?"

पांढरीत.

"पांढरीत कुठं? किती खोल? वर काय होतं, खाली काय होतं?"

आज्जा जाऊन चाळीस वर्षं झाली. कुणाला विचारणार?

मग त्यांनी मला समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगतो. भाजलेल्या मातीचं वय काढायची एक पद्धत आहे, तिला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. मातीत वाळूचे बारीक कण असतात, क्वार्ट्झ वगैरे. आजूबाजूच्या जमिनीत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे अगदी किंचित अंश असतात. त्यांच्यातून निघणारी ऊर्जा या कणांत वर्षानुवर्षं साठत राहते. वीट भट्टीत पाचशे अंशांच्या वर तापली की हा साठा पुसला जातो, पाटी कोरी होते. तिथून पुन्हा साठायला सुरुवात. प्रयोगशाळेत विटेच्या आतला कण काढून तापवला की तो साठा प्रकाशाच्या रूपात बाहेर पडतो. एकूण साठा भागिले दरवर्षी पडणारी भर, आलं वय.

भागाकार सोपा आहे. अडचण त्या 'दरवर्षी पडणाऱ्या भरी'ची. ती काही विटेतूनच येते, पण काही भोवतालच्या मातीतून येते, साधारण हातभर अंतरातल्या मातीतून. म्हणून शास्त्रज्ञ वीट जिथं सापडली तिथंच मोजमाप करतात, किंवा तिथली माती सोबत नेतात. ती माती किती ओलसर असायची, हेसुद्धा हिशेबात धरावं लागतं. एवढं सगळं नीट केलं तरी उत्तरात शंभरात पाच-दहाची चूक धरतात. म्हणजे दोन हजार वर्षांच्या विटेत शंभर-दोनशे वर्षं इकडे-तिकडे. आमच्या विटेच्या बाबतीत ती मूळ मातीच गेली. मधली कित्येक वर्षं न्हाणीच्या ओलीत गेली. प्राध्यापक म्हणाले, आकडा काढून देता येईल, पण त्यावर विसंबून तुम्ही काही लिहू नका.

दुसरं एक घड्याळ आहे, ते नवीन. २००९ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी मांडलं. भट्टीतून निघालेली वीट हवेतला ओलावा फार सावकाश पण सतत शोषत राहते आणि तिचं वजन किंचित वाढत जातं. वीट पुन्हा तापवून ते पाणी काढायचं, वजनातला फरक मोजायचा आणि वय काढायचं. या पद्धतीवर अजून वाद आहेत. पण तिची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कँटरबरी गावातली एक मध्ययुगीन वीट तपासली, तर वय आलं सहासष्ट वर्षं. पुन्हा तपासली, पुन्हा तेच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, १९४२ मध्ये जर्मन विमानांनी त्या गावावर आग लावणारे बाँब टाकले होते. त्या आगीत वीट पुन्हा भाजली आणि तिचं घड्याळ शून्यावर आलं. विटेनं बरोबरच सांगितलं होतं, आपण शेवटचे कधी तापलो ते. आपल्या शनिवारवाड्याला १८२८ मध्ये मोठी आग लागली. त्या आगीत भट्टीसारखी तापलेली एखादी वीट तपासली, तर ती पेशव्यांचं साल सांगणार नाही, आगीचं सांगेल.

म्हणजे प्रयोगशाळा सांगते ती वीट कधी भाजली. भिंत कधी बांधली, हा वेगळा प्रश्न. आमच्या न्हाणीच्या भिंतीइतकं चांगलं उदाहरण मला सापडत नाही. उद्या आमचं घर पडलं, त्यावर मातीचा ढीग साचला आणि पाचशे वर्षांनी कुणी उकरलं, तर खालचे थर पाहून तो म्हणेल, वा, सातवाहन काळातलं घर. आणि दोन हात वर त्याला माझ्या न्हाणीचा प्लॅस्टिकचा पाइप सापडेल.

हे जगभर झालंय. इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या मोठ्या चर्चचा मनोरा अकराव्या शतकातला, पण विटा शेजारच्या पडक्या रोमन नगरातल्या, म्हणजे हजारेक वर्षं आधीच्या. आपल्या उपखंडात तर त्याहून वाईट झालं. १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वे घालताना ठेकेदारांनी हडप्पाच्या ढिगातल्या विटा उपसल्या आणि सुमारे शंभर मैल रुळांखाली खडीसारख्या पसरल्या. साडेचार हजार वर्षांच्या विटा. त्यातली एखादी आज हातात दिली तरी ती कोणत्या घराची, कोणत्या गटाराची, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकणार नाही. आज्ज्याच्या बैलगाडीवर मी फार राग धरत नाही, त्याचं हेही एक कारण. त्यांच्याकडं इंजिनिअर होते.

कुणी म्हणेल, विटेवर किंवा कौलावर साल छापलेलं असलं म्हणजे तरी प्रश्न मिटला? आपल्या जुन्या शाळेच्या छपरावर मंगळुरी कौलं होती. छप्पर उतरवलं तेव्हा पोरांनी एक कौल मला आणून दिलं, त्यावर इंग्रजी अक्षरांत बासेल मिशनचं नाव आणि १८६५. पोरं खूश, शाळा दीडशे वर्षांची झाली! पण १८६५ हे मंगळूरला तो कारखाना सुरू झाला त्याचं साल. कारखान्याचा छाप तोच राहिला, कौलं पुढं कित्येक वर्षं निघत राहिली. एवढं मात्र पक्कं की कौल १८६५ च्या आधीचं नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने बासेल मिशनच्या हातातून गेले, म्हणून फार नंतरचंही नाही. मधल्या पन्नासेक वर्षांत कधीतरी. शाळा मात्र त्याहूनही नंतरची असू शकते. कौलं काय, एका छपरावरून दुसऱ्यावर जातातच.

छाप नीट वाचला तर उलटही घडतं. रोममधलं पँथिऑन नावाचं देऊळ आहे. त्याच्या कपाळावर ठळक कोरलंय की ते अग्रिप्पानं बांधलं, म्हणजे इसवी सनाच्या आधी. शेकडो वर्षं लोक ते खरं मानत होते. १८९२ मध्ये भिंतीतल्या विटांवरचे छाप तपासले, ते निघाले दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातले. जुनं देऊळ जळाल्यावर नवं बांधलं आणि जुन्याच माणसाचं नाव वर ठेवलं. पाटीवर लिहिलेलं एक आणि विटेत असलेलं दुसरं. आपल्याकडच्या कोनशिलांचं मी काही बोलत नाही.

आपल्याकडच्या जुन्या विटांवर रोमसारखे सालाचे छाप नसतात. म्हणून आपल्याला शेजार बघावा लागतो. विटेसोबत काय सापडलं? नाणं, खापर, मणी, बांगडी, कोळसा. तेर, नेवासे, भोकरदन, कोल्हापूरचं ब्रह्मपुरी इथं खाचा पाडलेली, दोन भोकांची भाजलेली कौलं सापडली. ती सातवाहन काळातली, हे कौलाकडे बघून ठरलं नाही. त्याच थरात सातवाहनांची नाणी मिळाली, त्या काळची खापरं मिळाली, म्हणून ठरलं. कोळसा असेल तर कार्बनवरून वय काढता येतं. विटेच्या मातीत मिसळलेलं तूस जळून उरलं असेल तर तेही चालतं.

तेरला हस्तिदंताची एक बाहुली मिळाली. तशाच घडणीची बाहुली इटलीत पाँपेईला १९३८ मध्ये सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे तिथली बाहुली त्याआधीचीच. तिथल्या राखेनं आपल्या तेरच्या बाहुलीलाही काळाचा अंदाज दिला. ही ताकद जागेची आहे. तीच बाहुली कुणाच्या कपाटात बेवारस सापडली असती तर नुसती सुंदर बाहुली राहिली असती.

आणि शेजारही नीट बघावा लागतो. नालासोपाऱ्याचा विटांचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक करंडक, आणि यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं. म्हणजे दुसरं शतक, झालं ना ठरवून? पण त्याच पेटीत धातूच्या आठ बुद्धमूर्तीही होत्या, त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातली. स्तूप मधे कधीतरी पुन्हा उघडून मूर्ती आत ठेवल्या असाव्यात, असं मानतात. एखाद्यानं नाणं तेवढं खिशात घातलं असतं आणि मूर्ती विकल्या असत्या, तर आपल्याला अर्धीच गोष्ट कळली असती आणि तीच पुरी वाटली असती.

आता आपल्या चराकडं येतो.

फोटो बघून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेलो. पंधरा-वीस विटा आधीच घरोघर गेल्या होत्या. एक तुळशीखाली, दोन कपडे धुवायच्या दगडाशेजारी. पण चराच्या उभ्या कडेत विटांचे तीन थर अजून जसेच्या तसे बसलेले होते. त्यांच्याखाली बोटभर काळी राखेची रेघ. रेघेत एक खापराचा तुकडा अडकलेला. मी खाली वाकून बराच वेळ बघत राहिलो. आमच्या भिंतीतल्या विटांनी मला जे कधीच सांगितलं नाही, ते सांगू शकणारी गोष्ट माझ्या डोळ्यांपुढं होती आणि जेसीबी दहा फुटांवर उभा होता.

मी काम थांबवा म्हणालो. तिथं पाण्याला आलेल्या बायका होत्या. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "गुरुजी, दोन हजार वर्षांची वीट काय पाणी देती का? आमच्या डोक्यावरचा हंडा कवा उतरायचा?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. त्यांचं म्हणणं खरंच आहे. आमच्या घरी बोअर आहे, म्हणून मला विटेचं सुचतं.

मार्ग पोरांनी काढला. जेसीबीवाला पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, "सर, तीन फूट बाजूनं घेतो, पाइप वळतो की." सरपंच आणि ठेकेदार दोघंही हो म्हणाले. काम एक दिवस अडलं, दुसऱ्या दिवशी पाइप वळून पुढे गेला. आम्ही थरांचे फोटो काढले, शेजारी मोजपट्टी धरून. शाळेच्या भिंतीपासून ती जागा किती फुटांवर, किती खोल, हे वहीत लिहिलं. काहीही न उपसता माती परत लोटली. तहसील आणि पुरातत्त्व विभागाला अर्ज दिलाय. ते येतील तेव्हा येतील. विटांना घाई नाही.

काहींना भीती आहे, मला खासगीत बोलले, की सरकारचे लोक आले तर घरं-शेतं जातील. ती भीती मी उडवून लावत नाही, पण माहिती नीट असू द्या. बांधकामाला शंभर मीटर बंदी आणि त्यापुढं दोनशे मीटर परवानगी, हा नियम केंद्रानं संरक्षित जाहीर केलेल्या स्मारकांना आहे. चार विटा निघाल्या म्हणून जागा आपोआप संरक्षित होत नाही. त्यासाठी आधी सूचना काढावी लागते आणि हरकती घ्यायला दोन महिन्यांची मुदत असते. उलट जमिनीत सापडलेली मोलाची वस्तू गुपचूप घरी नेणं, हे १८७८ च्या निखात निधी कायद्यापासून गुन्ह्यात बसतं. दहा रुपयांच्या वरची वस्तू असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं त्यात लिहिलंय. कळवणारा माणूस अडचणीत येत नाही.

मला एवढंच सांगायचंय. पुन्हा कुठं वीट, कौल, खापर लागलं तर उपसू नका. आधी आहे तिथं फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा (चप्पल नको, प्रत्येकाचं माप वेगळं असतं). खाली-वर काय आहे ते टिपा. मग मला किंवा तलाठ्याला फोन करा. ज्यांनी विटा घरी नेल्यात, त्यांच्यावर माझा राग नाही, मी कुणाला सांगणार? फक्त चराच्या कोणत्या टोकाला मिळाली ते आठवतंय तोवर मला येऊन सांगा, मी वहीत लिहून ठेवतो. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे पांढरीतून निघणारी एकेक वस्तू जपत गेले. आज तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्या नावानं आहे. आपल्याला संग्रहालय काढायचं नाही. एक दोनशेपानी वही पुरे.

आणि ज्यानं तीस वर्षांचा हिशेब विचारला त्याला उत्तर. चरातल्या त्या तीन थरांचं वय मला आजही माहीत नाही. पण ते काढता येईल, कारण ते जागेवर आहेत. आमच्या भिंतीतल्या विटांचं आता कुणालाच सांगता येणार नाही. काल नातू विचारत होता, आज्जा, ही वीट किती जुनी? मी त्याला चरावर घेऊन गेलो आणि कुठं माती लोटलीय ती जागा दाखवली. म्हटलं, ही लक्षात ठेव, मी नसलो तर तू सांग.